खंडेनवमीला ठेवलेले बूट

एकोणीस खेळाडूंचे अडतीस बूट जमिनीवर उलटे टाका आणि माझ्या डोळ्यांना पट्टी बांधा. कुठला बूट कुणाचा, हे मी नुसती बोटं फिरवून सांगेन. हा प्रयोग मी ह्यूस्टनमधल्या आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत करून दाखवायला तयार होतो. सांस्कृतिक कमिटीने त्या वेळात लिमयेकाकूंचं भावगीत ठेवलं. कलेची कदर परदेशातही होत नाही.

मी व्यवसायाने फुटबॉल संघाचा सामानवाला आहे. इंग्रजीत त्याला इक्विपमेंट मॅनेजर म्हणतात, आणि त्यातल्या ‘मॅनेजर’ या शब्दाने माझी अब्रू बरीच वर्षं झाकली. त्याआधी मी इंजिनिअर होतो. ह्यूस्टनच्या एका तेल कंपनीत, जमिनीत भोक पाडणाऱ्या यंत्रांची पोलादी टोकं कशी झिजतात, कुठल्या बाजूने झिजतात आणि का झिजतात, याचा मी नऊ वर्षं अभ्यास केला. झीज हाच माझा विषय. ऐंशीचं दशक सुरू होऊन दोन-तीन वर्षं झाली आणि तेलाचा बाजार बसला. एका शुक्रवारी मला पुठ्ठ्याचं खोकं मिळालं, त्यात मी मुलीचा फोटो, आकडेमोडीची स्लाइडरूल आणि एक झिजलेलं टोक भरलं आणि घरी आलो. माझ्यासारखे इतके इंजिनिअर त्या वर्षी खोकी घेऊन घरी गेले, की आमच्या शुगर लँड उपनगरात पुठ्ठ्याचा तुटवडा झाला असावा.

पाच महिन्यांनी वर्तमानपत्रात जाहिरात पाहिली. डंकन नावाचा स्कॉटिश कोच एका खोलीत मुलाखती घेत होता. त्याने मला एकच प्रश्न विचारला, “शिवता येतं?” मी त्याच्याच कोटाचं लोंबतं बटण तिथल्या तिथे शिवून दिलं. नोकरी लागली. बुटांचं काम मात्र मी एका म्हाताऱ्या मेक्सिकन कारागिराच्या दुकानात बसून शिकलो. टोचायची आरी कशी धरायची, कातडं तासायची रापी कुठल्या कोनात चालवायची, चिकटवलेला तळ किती वेळ दाबाखाली ठेवायचा, सगळं त्याच्याकडून.

अमेरिकेत त्या काळी घरातला फुटबॉल फार जोरात होता. घरातला म्हणजे छपराखालचा. आइस हॉकीच्या रिंगणावर हिरवं कार्पेट अंथरायचं, दोन्हीकडे सहा-सहा माणसं सोडायची. चारी बाजूंना लाकडी भिंती, चेंडू भिंतीवर आपटून परत येतो. कॅरमचा खेळ माणसांनी खेळल्यासारखं दिसतं. माझं काम पडद्यामागचं. कपडे धुणं, आकडे शिवणं, बूट सांभाळणं, आणि सामन्याआधी प्रत्येकाच्या जागी त्याचं सामान मांडणं. पंगतीत मीठ कुठे, लिंबू कुठे, हे जसं ठरलेलं असतं तसंच इथेही असतं. मोजे उजवीकडे, पट्ट्या डावीकडे, बूट खाली, नाकं बाहेर. यात चूक झाली की दिवाळीच्या फराळात चकली मऊ निघाल्यासारखे चेहरे होतात.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. आमच्या गोलकीपरच्या हातमोज्यांना साबण लावायचा नाही, अशी त्याची ताकीद होती. एका मोठ्या विजयात ते त्याच्या हातात होते. त्या विजयाचा वास तीन वर्षं माझ्या कपाटात होता. एक जण मैदानात उतरण्यापूर्वी मला त्याच्या डाव्या बुटाला टपली मारायला लावायचा. मी एकदा विसरलो, तो हरला, आणि आठवडाभर माझ्याशी बोलला नाही.

मंडळात मी सांगायचो, “स्पोर्ट्स इक्विपमेंटमध्ये आहे.”

“अच्छा, सेल्स?”

“मॅनेजर.”

“वा!” एवढ्यावर भागायचं. एकदाच मी एका सद्गृहस्थांना खरं सांगितलं की बुटांचं काम करतो. ते “अच्छा...” म्हणाले आणि त्यांनी हातातली बशी किंचित मागे घेतली. त्या ‘अच्छा’मध्ये किती पिढ्या पाठ फिरवून उभ्या होत्या, ते मला दिसलं. त्या दिवशी मी गप्प बसलो. गप्प बसलो याची लाज अजून आहे.

मला त्या सगळ्या काळात इंजिनिअर म्हणणारा एकच माणूस उरला होता, तो म्हणजे नबील.

नबील सीरियातल्या होम्स शहरातला. वीस-एकवीसचा, शिडशिडीत, डाव्या पायाचा. ह्यूस्टनला सिव्हिल इंजिनिअरिंग शिकायला आला होता. आमच्याकडे विद्यार्थी म्हणून सरावाला यायचा. पहिल्याच दिवशी त्याने मला विचारलं, “तुम्ही आधी काय करायचा?” मी सांगितलं. तो सरळ उभा राहिला. त्यांच्याकडे इंजिनिअरला नावाने हाक मारत नाहीत, ‘मुहंदिस’ म्हणतात, आपल्याकडे डॉक्टरला डॉक्टर म्हणतात तसं. तेव्हापासून घामट मोज्यांच्या ढिगात बसलेल्या मला तो रोज दारातून हाक मारायचा, “या मुहंदिस!” अरबीत ‘या’ म्हणजे ‘अहो’. बाकीच्यांना ते माझं आडनाव वाटायचं.

आम्ही त्याला घरी जेवायला बोलवू लागलो. माझ्या बायकोला, सुमनला, तो ‘खाला’ म्हणायचा, म्हणजे मावशी. साबुदाण्याची खिचडी त्याने पहिल्यांदा पाहिली तेव्हा विचारलं, “हे मोती शिजवलेत का?” आणि तीन ताटल्या खाल्ल्या. आमची मीनल तेव्हा आठ वर्षांची. ती त्याला इंग्रजीत दम द्यायची, “यू कान्ट ईट ऑल ऑफ इट, इट्स आईज उपास!” उपासाच्या दिवशी आईची खिचडी संपवणाऱ्यावर सुमनचा जीव जडला.

नबीलकडे गवतावर खेळायच्या बुटांची एकच जोडी होती. होम्सहून आणलेली, काळी, पायाला कातडीसारखी बसलेली. कार्पेटवर सपाट तळाचे चालतात, गवतावर तळाला खुंट लागतात, त्याला स्टड म्हणतात. स्क्रूसारखे फिरवून बसवायचे, ओल्या जमिनीला लांब, कडक जमिनीला आखूड. फुटबॉलरचा नवा बूट म्हणजे नवी सून. घरात रुळायला तिला वेळ लागतो आणि तोवर सगळ्यांचे पाय सुजतात. म्हणून ही जुनी जोडी त्याला जिवापाड प्रिय होती.

ऑक्टोबरात डंकनने बातमी आणली. बेल्जियममधल्या एका दुसऱ्या श्रेणीच्या क्लबचे एक संचालक जहाजाच्या कामासाठी ह्यूस्टनच्या बंदरात येणार होते. डंकनची जुनी ओळख. ते शनिवारी गवतावर नबीलचा खेळ बघतील, पसंत पडला तर दोन वर्षांचा करार करतील. करार ते सोबतच आणणार होते.

नबील त्या दिवशी माझ्या कपड्यांच्या टेबलावर चढून बसला आणि पाय हलवत राहिला.

“मुहंदिस, मी बाबांना शब्द दिलाय. सही झाली तरच कॉलेज सोडेन. नुसतं ‘येऊन बघ’ म्हणाले तर नाही जाणार.”

“बरोबर आहे बाबांचं.”

“इथलं शिक्षण सोडलं की माझा व्हिसा गेला. तिकडे जमलं नाही तर परत येता येणार नाही. मग घरी, आणि घरी गेलो की सक्तीने सैन्यात. पाय बुटातच राहतील, पण ते बूट वेगळे.”

सगळं त्या एका सामन्यावर होतं, हे मला माहीत होतं. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण पुढे जे केलं ते मी अजाणतेपणी केलं, असं कुणाला वाटू नये.

त्याच्या डाव्या बुटाचा तळ सुटायला आला होता. मी मंगळवारी जोडी घरी नेली, चिकटवली, शिवली, दाबाखाली ठेवली. गुरुवारी सकाळी बूट तयार होते. गुरुवारीच नेऊन द्यायला हवे होते. पण शुक्रवारी खंडेनवमी होती.

माझे वडील सांगलीला एका कारखान्यात लेथवर टर्नर होते. खंडेनवमीला ते मशीन पुसून लखलखीत करायचे, झेंडूची माळ घालायचे, आणि त्या दिवशी पट्टा सुरू करायचा नाही. म्हणायचे, “वर्षभर ते राबतं. एक दिवस त्याने बसायचं, आपण उभं राहायचं.” दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, हत्यार उचलायचं. मी इंजिनिअर झाल्यावर स्लाइडरूलची पूजा करायचो. आता माझी हत्यारं म्हणजे आरी, रापी, हातोडी, स्टडचा पाना. आणि बूट.

“बूट?” सुमन म्हणाली. “देवापुढे? चपला?”

“चपला नाहीत त्या. हत्यार आहे. त्याच्या बापाने लेथ पुजला असता, त्याने...”

“त्याच्या बापाने नाही हो, तुमच्या बापाने. आणि लेथ पायात घालत नाहीत.”

“सुमे, तू बघ तर. शुक्रवारी पूजा. शनिवारी दसरा. सकाळी मी ती जोडी देवापुढून उचलणार, नेऊन त्याच्या पायात घालणार, आणि पोरगा सीमोल्लंघन करणार! अमेरिकेतून थेट युरोप! असा प्रवेश कुणी लिहिला तरी जमणार नाही.”

“प्रवेश!” ती म्हणाली. “तुम्ही कॉलेजात तिसरा शिपाई होता ना नाटकात? अजून भूक गेली नाही.”

शेवटी तह झाला. देव्हाऱ्यापासून हातभर लांब, वेगळ्या पाटावर, खाली वर्तमानपत्र, आणि नाकं भिंतीकडे, देवाकडे नाही. मी हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल लेसमध्ये अडकवलं. दोन पावलं मागे जाऊन पाहिलं. फार सुंदर दिसत होतं. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

शुक्रवारी मी संघाच्या व्हॅनने कामावर गेलो. डंकनला आधीच सांगून ठेवलं होतं की आज माझ्या धर्मात यंत्रांना सुट्टी, धुलाई होणार नाही. तो म्हणाला होता, “आज सामना नाही, मला काय!” मी रिकामे हात मांडीवर ठेवून बसलो होतो. दुपारी दीडला डंकन धावत आला. बेल्जियन गृहस्थांचं जहाज लवकर भरलं होतं. ते आज रात्रीच्या विमानाने जाणार. सामना उद्या नाही, आज दोन वाजता.

त्याच्या मागून नबील आला. चेहरा आनंदाने फुटायला आलेला.

“या मुहंदिस, माझे बूट?”

“घरी आहेत.”

“तळ शिवून झाला ना?”

“झाला. कालच.”

“मग घरी का?”

मी बोलका माणूस आहे. लग्नात, बारशात, मयतात, कुठेही उभं करा, अर्धा तास काढतो.  त्या प्रश्नाला उत्तर होतं, पण ते त्या पोराच्या तोंडाकडे बघून उच्चारता येईल असं नव्हतं. मी फोनकडे गेलो.

“सुमे, बूट हवेत. आत्ता.”

“कुठले?”

“देवापुढचे.”

“अहो, आज उचलत नाहीत! तुम्हीच तासभर व्याख्यान दिलंत. आणि माझ्याकडे लिमयेकाकू आल्यात जेवायला, पानं वाढलीयेत.”

“नबीलची मॅच आज आहे. दोन वाजता. तो माणूस रात्री जातोय.”

 मग तिने खालच्या आवाजात विचारलं, “कसं यायचं? फ्रीवेने?”

सुमनने तोवर कधीही फ्रीवेवर गाडी घातली नव्हती. लायसन्स घेऊन सहा वर्षं झाली होती, पण ती सगळीकडे आतल्या रस्त्यांनी जायची. ट्रक बाजूने गेला की डोळे मिटायची, म्हणून मीच तिला म्हणालो होतो की फ्रीवे नको.

“आतल्या रस्त्यांनी दीड तास लागेल,” मी म्हणालो.

“ठेवा फोन.”

दोन वाजता सामना सुरू झाला. अर्ध्या-अर्ध्या तासाचे दोन भाग. नबीलला गोलकीपरचे जादा बूट दिले, दीड नंबर मोठे. मी त्यात दोन जोड मोजे आणि वर्तमानपत्राचे बोळे कोंबले. तो खाली वाकून माझ्या डोक्यावर हात ठेवून तोल सांभाळत पाय घालत होता. त्या हाताचं वजन मला अजून आठवतं.

पहिला अर्धा तास मी पाहिला नाही, ऐकला. चेंडू लागल्याचा आवाज माझ्या ओळखीचा आहे. सुटा पाय आणि सैल बूट यांचा आवाज निराळा येतो, कढईवर झाकण नीट न बसल्यासारखा. तो वळायचा आणि बूट मागे राहायचा. बेल्जियन गृहस्थ राखाडी सूट घालून बाकावर बसले होते, मांडीवर कातडी पिशवी. त्यांनी दोनदा घड्याळ पाहिलं. डंकन माझ्याशेजारी येऊन उभा राहिला.

“बूट कुठे आहेत?”

मी सांगितलं. सगळं. लेथ, वडील, पाट, झेंडू.

“म्हणजे देवाकडे आहेत?” डंकन म्हणाला. “मग त्याला सांग, दोन वाजता आणून द्यायचे होते.”

दुसरा भाग सुरू होऊन सात-आठ मिनिटं झाली असतील. मैदानाच्या कडेला आमची लांबलचक स्टेशनवॅगन फुटपाथवर एक चाक चढवून थांबली. पुढे सुमन, हिरवी रेशमी साडी, दोन्ही हात स्टिअरिंगला चिकटलेले, आणि ते तिथून निघेनात. मागच्या सीटवर लिमयेकाकू, जरीची साडी, मांडीवर स्टीलचं ताट. ताटात बूट. बुटांवर झेंडू. वाटेत कुंकू सांडू नये म्हणून काकूंनी त्यावर हात धरला होता.

“एकटीला कशी सोडू?” काकू खाली उतरत म्हणाल्या. “सबंध फ्रीवेभर ही डोळे उघडे ठेवून रामरक्षा म्हणत होती, आणि मी ट्रक मोजत होते.”

डंकनने नबीलला कडेला बोलावलं. मी गुडघ्यावर बसलो, स्टड एकेक करून आवळले. नबीलने बुटावरचं लाल-पिवळं पाहिलं.

“हे काय?”

 सुमननेच इंग्रजीत सांगितलं, “आज आम्ही कामाच्या वस्तूंना नमस्कार करतो. त्यांनी तुमच्या बुटांना केला. त्यामुळे उशीर झाला. चूक आमची आहे.”

तो मग म्हणाला, “खाला, आमच्याकडे नवी गाडी घेतली की आजी बकरं कापते आणि रक्ताचा पंजा गाडीवर उमटवते. तुमच्याकडे बकरं तरी वाचलं.” आणि हसला. फूल काढून त्याने मोज्यात खोचलं. कुंकू पुसलं नाही.

मी लेस बांधत असताना डोक्यावरून लिमयेकाकूंचा आवाज आला, “अहो, तुम्ही इथे नक्की करता काय?”

“हेच, काकू,” मी म्हणालो.

“बरं आहे की मग,” काकू म्हणाल्या. “लपवण्यासारखं काय आहे त्यात? माझे आजोबा शिंपी होते. मी कुठे कुणाला सांगितलंय?”

बावीस मिनिटं उरली होती. ती मी डोळे उघडे ठेवून पाहिली. नबील डाव्या कडेने निघाला की समोरचा माणूस त्याच्याकडे तोंड करून उभा असायचा, आणि मग त्याच माणसाची पाठ दिसायची. मधलं काय झालं ते दिसायचं नाही. दोन चेंडू त्याने असे टाकले की नुसतं डोकं पुढे करायचं होतं. एक गोल झाला. एकदा त्याचा स्वतःचा फटका खांबाला लागला, तो आवाज घट्ट, पुरा, भरलेल्या घागरीसारखा. सुमन टाळ्या वाजवायला विसरली होती.

सामना संपला. बेल्जियन गृहस्थ डंकनशी आणि नबीलशी बोलले. मी सामान गोळा करण्याच्या मिषाने जवळ गेलो. ते शांतपणे म्हणाले, “मी अर्धा खेळाडू पाहिला. जो अर्धा पाहिला तो चांगला आहे. पण अर्ध्या माणसाला मी दोन वर्षं देऊ शकत नाही. तीन महिने या, आमच्या चिखलात खेळा, मग बघू.”

कातडी पिशवी त्यांनी उघडलीच नाही.

मी पुढे झालो. त्यांना सांगितलं की चूक माझी, या मुलाची नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “तुमच्यावर माझा विश्वास बसतो. पण मी क्लबला गोष्ट नाही नेऊ शकत, खेळाडूच न्यावा लागतो.” माझ्या आयुष्यात माझ्या गोष्टीला इतकं खरं उत्तर कुणी दिलं नाही.

नबीलने वडिलांना दिलेला शब्द मोडला. नोव्हेंबरात तो गेला. विमानतळावर सुमनने त्याला साबुदाणा दिला, कच्चा, आणि भिजवायची कृती कागदावर लिहून. अकरा आठवडे काही कळलं नाही. मी त्या अकरा आठवड्यांत मोजे चुकीच्या बाजूला मांडायचो, आणि कुणी ओरडलं तर बरं वाटायचं. मग एक पोस्टकार्ड आलं. ‘सही झाली. इथला चिखल स्टड खातो. खालाला सांगा, मोती नीट शिजत नाहीत.’

दुसऱ्या श्रेणीतला क्लब म्हणजे काही राजवाडा नाही. पण तो तिथे खेळला, आणि पहिल्या संघात खेळला. दर खंडेनवमीच्या सुमारास त्याचं पार्सल यायचं, त्यात तीच काळी जोडी, तळ बदलण्यासाठी. टपालखर्चात तिकडे नवी जोडी आली असती. मी तळ बदलायचो, पूजेला ठेवायचो, दसऱ्याला पोस्टात टाकायचो. पत्रात तो विचारायचा, ‘यंदा तो दिवस कधी?’ तारीख दरवर्षी बदलते म्हटल्यावर त्याला नवल वाटलं नाही, त्यांचे सणही असेच सरकतात. त्या दिवशी तो सरावाला जायचा नाही, एकदा त्यावरून बोलणीही खाल्ली.

चौथ्या वर्षीच्या पार्सलमधला डावा बूट मी उलटा केला आणि खाली बसलो.

बाहेरची कड झिजून कातडं दिसत होतं. आतली जवळजवळ कोरी. माणूस पाय पूर्ण टाकत नाही तेव्हाच असं होतं. मी तेलाच्या कंपनीत असताना टोक असं एका बाजूने झिजलेलं आलं की आम्ही विहीर थांबवायचो. विचारायचं नाही, थांबवायची. मी त्याला फोन लावला.

“गुडघा?”

तिकडे दार लावल्याचा आवाज आला. मग, “तुम्हाला तळ दाखवायलाच नको होता, मुहंदिस.”

“डॉक्टरला दाखवलास?”

“उन्हाळ्यात कराराची मुदत वाढायची आहे. दाखवला की वाढणार नाही. ऐका, इथला सामानवाला तुमच्यासारखाच आहे. बूट उलटे करून बघतो. तुम्ही दोन्ही कडा सारख्या करून पाठवा. आतली आधीच घासा, म्हणजे बाहेरची झिजली की दोन्ही सारख्या दिसतील. त्याला कळायला नको.”

मी नाही म्हणायला हवं होतं. पण त्याने मग हळूच म्हटलं, “एक अर्धा तास तुम्ही मला देणं लागता,” आणि लगेच, “मी गंमत केली.” गंमत होती की नाही हे मी त्याला कधी विचारलं नाही. मी रापी घेतली आणि नव्या तळाची आतली कड घासली. सहा वेळा घासली. इतकं सफाईदार काम मी पुन्हा केलेलं नाही. जो माणूस आयुष्यभर झीज वाचत आला, त्याने त्या दिवशी झीज खोटी लिहिली. त्या वर्षी मी बूट पूजेला ठेवले नाहीत. सुमनने विचारलं, तर म्हणालो, वाळले नाहीत अजून.

त्याचा करार वाढला. दीड मोसम तो खेळला. मग एका ओल्या दुपारी, आजूबाजूला कुणी नसताना, नुसतं वळताना गुडघा गेला. शस्त्रक्रिया झाली, परत उभा राहिला, पण त्या वळणापुढे तो गेला नाही.

यंदा सप्टेंबरात तो ह्यूस्टनला परत आला. सव्वीस-सत्तावीसचा आहे. सोडलेलं सिव्हिल इंजिनिअरिंग पुरं करायला त्याच कॉलेजने घेतलं. खंडेनवमीला सकाळी दारात उभा. पायऱ्या चढताना डावा पाय किंचित मागून येतो. तो दिसू नये म्हणून मी उगाच मोठ्याने बोललो. हातात कागदी पिशवी. त्यातून त्याने बूट काढले, आणि एक कॅल्क्युलेटर.

“हे दोन्ही चालतं ना?”

“चपला देवापुढे?” सुमन म्हणाली, आणि पदराला डोळे पुसत पाट आणायला गेली. मीनल आता चौदाची. तिने त्याला विचारलं, “डिड इट हर्ट?” तो म्हणाला, “ऑन्ली व्हेन आय स्टॉप्ड.”

पूजा झाल्यावर आम्ही दोघं मागच्या अंगणात बसलो. मी गेली दोन वर्षं जे वाक्य पाठ करत होतो ते म्हटलं. “ती कड मी घासायला नको होती.”

त्याने गवताची एक काडी उपटली.

“मीही सांगायला नको होतं,” तो म्हणाला. “पण मुहंदिस, त्या दीड मोसमात एक सामना होता. बाबा होम्सहून आले होते, पहिल्यांदाच. मी शब्द मोडला म्हणून चार वर्षं नीट बोलले नव्हते. त्यांनी पाहिलं. पूर्ण सामना, अर्धा नाही.” मग हसला. “तेव्हा तुमचं अर्ध्या तासाचं देणं फिटलं. गुडघ्याचं माझं मी बघेन.”

ते फिटलं असं तो म्हणतो. मी अजून मनाशी तपासतो आहे.

दुसऱ्या दिवशी दसऱ्याला तो पुन्हा आला. मी माझी आरी उचलली, रापी उचलली, पाना उचलला. नबीलने कॅल्क्युलेटर उचलून खिशात टाकला, सुमनच्या पाया पडला, सोनं म्हणून आम्ही देतो ती अंगणातल्या झाडाची पानं घेतली आणि निघाला.

“अरे, बूट राहिले!” मी ओरडलो.

त्याने दारातूनच हात हलवला. “त्यांना बसू द्या, मुहंदिस.”

ते अजून पाटावरच आहेत. मी सुमनला म्हटलं, आता ते गॅरेजमध्ये ठेवतो.  रोज सकाळी देव पुसून झाले की ती बूट उचलते, खालचं वर्तमानपत्र झटकते आणि परत ठेवते. काल माझ्या लक्षात आलं, की त्यांची नाकं आता देवाकडे आहेत.